काच फोडू नका

"मिस्त्री, चावी लागते, गोल फिरते, पण दार उघडत नाई."

फोनवर दिवाकर होता. मी चामोर्शीच्या माझ्या दुकानासमोर एका ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये हात घालून उभा होतो. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

"रिमोट चालत नाई?" मी विचारलं.

"रिमोट मेला. बॅटरी बसली वाटते. ब्लोअर चालू ठेवून दर्शनाले गेलो होतो. एक चावी आत स्विचले लागून हाय, दुसरी माझ्या हातात हाय. हातातली दाराले लावली तं नुसती फिरून राह्यली."

"कुठी हायस?"

"मार्कंड्याले. देवळासमोरच्या पटांगणात."

त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला. "काच फोडू का म्हण. विचार ना त्याईले."

मी म्हणालो, "काच फोडू नका. वीस मिनिटांत येतो. एक ओरखडा न पडता उघडून देतो."

मी पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आहे. या पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकांना अनेक चुकीचे सल्ले दिले असतील. पण त्या दिवशीच्या या तीन वाक्यांइतका पस्तावा मला दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

गाडीत काय होतं ते मला दुपारी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा मूर्खपणा नीट दिसेल. मधल्या सीटवर एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात ओल्या फडक्याखाली कापडाच्या लहान लहान पिशव्या होत्या आणि पिशव्यांत कोशाच्या किड्याची अंडी. आमच्याकडे टसर रेशमाला कोसा म्हणतात. त्याची अळी घरात वाढत नाही. ती जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर वाढते. अंडी बीज केंद्रातून आणायची, झाडाला बांधायची, अळ्या निघाल्या की त्या पानं खात सुटतात. मग दीड महिना कावळ्या-चिमण्यांपासून आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करायची, तेव्हा कुठे कोसा हाती लागतो. अंड्यांना हवा लागते आणि थंडावा लागतो. ऊन अजिबात सोसत नाही. पोळा होऊन आठवडा झाला होता, भाद्रपदाचं ऊन पडलं होतं, आणि सगळ्या काचा बंद असलेली गाडी उघड्या मैदानात उभी होती.

ते बीज आष्टीच्या पुढे जंगलात असलेल्या एका गावचं होतं. चार घरांचं मिळून. फोनवर मागून बोलणारी बाई म्हणजे त्या चार घरांची म्होरकी, वच्छलाबाई. साठीच्या आसपासची, अंगानं बारीक. दिवाकर तिच्याच गावचा, भाड्यानं गाडी चालवणारा. पहाटे आरमोरीकडून निघून ऊन चढायच्या आत गावात पोचायचं असा त्यांचा हिशेब होता. पण गडचिरोलीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, पुढे ट्रकांची रांग लागली, आणि मार्कंड्याला येईस्तोवर दहा वाजले. बीज नेताना वाटेत मार्कंडदेवाला हात जोडून जायचं हा त्यांचा नेम. तो चुकवायचा नव्हता. देवळाजवळ माकडं फार, म्हणून काचा वर केल्या. अंड्यांना हवा मिळावी म्हणून इंजिन बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला आणि रिमोटनं गाडी लॉक केली. सोमवार होता, थोडी गर्दी होती. जुन्या बॅटरीनं अर्धा तास ब्लोअर ओढला आणि मान टाकली.

त्यांचा आणखी एक नेम आहे. बीज केंद्रातून निघाल्यापासून ते झाडाला बांधेपर्यंत वाटेत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात. कोणी विचारलंच तर 'सामान आहे' एवढंच सांगायचं. म्हणून दिवाकरनं मला फोनवर आत काय आहे ते सांगितलं नाही. त्याचा दोष नव्हता. मी तरी कुठे विचारलं? मी गाडीचं विचारलं, रिमोटचं विचारलं, चावीचं विचारलं. आत काय आहे हे विचारायचं मला सुचलंच नाही. आमच्या धंद्यात ते विचारायची पद्धत नाही.

आता त्या चावीबद्दल सांगायलाच हवं. त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

गाडीच्या दाराला बाहेरून चावी लावतो त्या भोकामागे एक लहानसं कुलूप असतं. त्याला आम्ही बॅरल म्हणतो. बॅरलपासून दाराच्या आत एक पातळ सळी जाते आणि खटक्याला जोडलेली असते. चावी फिरवली की सळी हलते, सळी हलली की खटका सुटतो. यात करंटचा काही संबंध नाही. बॅटरी मेली तरी चावीनं दार उघडलंच पाहिजे, यासाठीच ती सळी असते.

चामोर्शीला येण्याआधी मी चौदा वर्षं घुग्घुसला काम केलं. तिथल्या रस्त्यावर कोळशाची धूळ अशी असते की सकाळी पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस शिफ्ट संपल्यावर ओळखू येत नाही. ती धूळ बॅरलमध्ये जाते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो, बॅरल आवळतं. मग सेंट्रल लॉकच्या छोट्या मोटरला त्या आवळलेल्या बॅरललाही ओढावं लागतं आणि ती जळते. महिन्यातून पाच-सहा गाड्या यायच्या, मोटर जळाली म्हणून. त्यावर मी एक तोड काढली. दाराचं पॅनल उघडायचं आणि सळीच सोडून द्यायची. मोटर मोकळी, गिऱ्हाईक खूश. चावी कोणी लावतच नव्हतं. सगळे रिमोटवर. हळूहळू घुग्घुसचे बाकीचे मिस्त्रीही तसंच करू लागले आणि मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

दिवाकरची पांढरी सात सीटांची गाडी आधी घुग्घुसच्या एका कोळसा ठेकेदाराकडे होती. तिची सळी मीच सोडली होती. पुढे दिवाकर जुनी गाडी शोधत माझ्याकडे आला तेव्हा ती गाडी मीच त्याला दाखवली. "इंजिन चांगलं हाय, वायरिंग माझ्या हातचं हाय, डोळे मिटून घे," म्हणालो. टायरचं सांगितलं, क्लचचं सांगितलं, सायलेन्सरला भोक आहे तेही सांगितलं. सळीचं सांगायचं राहून गेलं. खरंच विसरलो होतो, यात खोटं नाही.

पण त्या सोमवारी दिवाकर फोनवर "चावी गोल फिरते" म्हणाला, त्या क्षणी मला आठवलं. सगळं लख्ख आठवलं. आणि तोंडातून निघालं, काच फोडू नका. माझ्या चुकीपायी गिऱ्हाइकाची काच फुटली असं व्हायला नको होतं. सफाईनं दार उघडून दिलं की चावीचा विषय निघणार नाही, असं माझ्या डोक्यात आलं. तेव्हा मी ते स्वतःलाही असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. आता सांगतो आहे.

ट्रॅक्टरचं काम पाच मिनिटांचं म्हणत म्हणत पंचवीस मिनिटं चाललं. मालक शेजारी उभा होता, त्याला अर्धवट सोडून जाणं जिवावर आलं. मग एक जादा बॅटरी, जंपर केबल, तारा, लाकडी पाचरी असं सगळं मोटरसायकलच्या मागे बांधलं आणि निघालो. मार्कंड्याला पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते.

पटांगणात गाडी पाहिली आणि मला हसू आलं. टपावर ओली धोतरं, काचांवर ओलं लुगडं, बॉनेटवर टॉवेल. गाडीतून आलेल्या दोन बाया आणि एक म्हातारे गृहस्थ वैनगंगेतून कळशीनं पाणी आणून गाडीवर ओतत होते.

"काय दिवाकर, गाडीले आंघोळ घालून राह्यला का?" मी म्हणालो.

दिवाकर हसला नाही. वच्छलाबाई पुढे आल्या. "आत लय गरम होते ना जी भाऊ."

"लोखंडाची गाडी हाय बाई. वितळत नाई."

हे मी बोललो. माझ्या या तोंडानं बोललो. तीन माणसं भर उन्हात नदीवरून पाणी आणून गाडी थंड करताहेत, तर आत काहीतरी जिवाभावाचं असणार, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? मला वाटलं, गावची माणसं आहेत, भाड्याची गाडी आहे, घाबरली आहेत.

पहिला प्रयत्न तारेचा. दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबराच्या बीडिंगमधून पाचर ठोकायची, बोटभर फट करायची, त्यातून फास केलेली तार आत सोडायची आणि काचेच्या बुडाशी असलेली लॉकची खुंटी वर ओढायची. नेहमी दहा मिनिटांत होतं. पण या गाडीच्या खुंट्या त्या ठेकेदारानं चोरीच्या भीतीनं बदलून घेतल्या होत्या. वरून निमुळत्या, गुळगुळीत. फास बसला की निसटायचा. एकदा बसला, अर्धा सूत वर आला, पुन्हा निसटला. अशी वीस मिनिटं गेली.

दिवाकर म्हणाला, "मिस्त्री, फोडून टाकू का काच?"

"अरे, तुझीच काच हाय. नागपूरवरून मागवावी लागन. तोवर ताडपत्री लावून फिरशील का?"

तो वच्छलाबाईंकडे बघायला लागला. त्या माझ्याकडे बघत होत्या. "भाऊ, आनखी किती टाइम लागन?"

"दहा मिनिटं."

त्यांनी मान वर करून उन्हाकडे पाहिलं आणि लुगडं बाजूला सारून काचेवर तळहात ठेवला. मग ते लुगडं पुन्हा भिजवून आणायला गेल्या. मला त्यांची घाई कळत नव्हती आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. डोक्यावर उभं राहून कोणी वेळ विचारत राहिलं की माझा हात चालत नाही.

दुसरा प्रयत्न खालून. बॅटरी बॉनेटखाली असते आणि बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत. म्हणजे बॅटरीपर्यंत जायला वाट नाही. पण बॅटरीची जाड लाल वायर खाली सेल्फपर्यंत येते. सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला धक्का देणारी मोटर. गाडीखाली सरकून त्या टोकाला बाहेरची बॅटरी जोडली की सगळ्या गाडीत करंट येतो आणि रिमोट जागा होतो. ही युक्ती फार थोड्यांना माहीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. होता म्हणू या.

खाली सरकलो तर सेल्फ दिसेना. कोळशाच्या रस्त्यावर दगड लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला लोखंडी पत्रा ठोकलेला होता. चार बोल्ट, चारही गंजलेले. मी तेल सोडलं, पाना लावला, पाठीवर पडून जोर लावू लागलो. पहिला निघाला. दुसऱ्याचं डोकं तुटलं. तिसरा हलेना, पण तेवढा निघाला की पत्रा एका बाजूनं लोंबणार होता.

इथे एक कबुली द्यायची आहे. त्या बोल्टांशी झटताना मला मजा येत होती. सोपं काम कोणीही करतं. असं अडलेलं काम समोर आलं की माझ्या अंगात येतं, मग बाहेर ऊन आहे की पाऊस याचं भान राहत नाही. पत्र्यावरची माती तोंडावर पडत होती आणि मी खुशीत होतो.

तेवढ्यात चाकाजवळ कोणीतरी उकिडवं बसलं. मला फक्त एक हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. त्या हातात दगड होता, नदीतला, नारळाएवढा.

"भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या, "मी मारू का दगड?"

"बाई, शेवटचाच बोल्ट राह्यला. इतका वेळ थांबल्या, आता दोन मिनिटं थांबा."

हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी दगड हळूच खाली ठेवला, अगदी आवाज न करता. मी पाना फिरवायला लागलो.

त्या बाईला माझ्याहून जास्त कळत होतं. पण मी मिस्त्री होतो, हत्यारं माझ्याकडे होती, गाडीतलं मला कळतं असं सगळे मानत होते. म्हणून तिनं स्वतःचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. 

पत्रा एका बाजूनं लोंबला. मी केबल लावली, बॅटरी जोडली, मेलेल्या बॅटरीत थोडा जीव यावा म्हणून पाच मिनिटं थांबलो. मग दिवाकरला ओरडून सांगितलं, "दाब." त्यानं रिमोट दाबला. चारही दारांत खटकन आवाज झाला आणि खुंट्या वर आल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी कपडे झाडत बाहेर आलो. "बघा," म्हणालो, "एक ओरखडा नाई."

कोणी माझ्याकडे पाहिलंच नाही. वच्छलाबाईंनी दार उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली, मीही दोन पावलं मागे सरलो. त्या मात्र आत वाकल्या आणि खोकं उचलून देवळाच्या भिंतीच्या सावलीत घेऊन गेल्या. वरचं फडकं काढलं. सकाळी पिळून घातलेलं ते फडकं कोरडं खडखडीत झालं होतं. त्यांनी एक पिशवी उघडून तळहातावर दाणे घेतले. चपटे, पिवळसर, मसुरीपेक्षा थोडे लहान. बराच वेळ त्या ते बघत राहिल्या.

"काय हाय ते?" मी विचारलं. पावणेदोन तासांनी विचारलं.

"बीज," त्या म्हणाल्या. "कोशाचं."

पुढचं दिवाकरनं सांगितलं. चार घरं, येनाचं रान, वाटेत नाव न घेण्याचा नेम, सगळं. ऐकताना मला आधी काय आलं असेल? राग. माणूस असाच असतो. मी म्हणालो, "बाई, हे आधी काऊन नाई सांगतलं? सांगतलं असतं तं मीच काच फोडली असती."

"वाटेत नाव घेत नाई आमी," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. मग म्हणाल्या, "पन तुमी विचारलं असतं तं सांगतलं असतं जी. नेम मोडला असता."

 दिवाकर गाडीची चावी हातात खेळवत होता. "पन मिस्त्री, चावी काऊन लागली नाई?"

"जुनं लॉक हाय," मी म्हणालो. "घासलं असन."

त्यांनी पिशव्या पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळल्या, गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या आणि निघाले. निघताना वच्छलाबाईंनी माझ्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला. "प्रसाद घ्या भाऊ. लय उन्हात आले तुमी." तो तुकडा मी रस्ताभर मुठीत धरून आणला. तोंडात घालवेना.

दुकानात आल्यावर ओळखीतून बीज केंद्रातल्या एका माणसाला फोन केला. अंडी तासाभराहून जास्त तापली तर काय होतं, विचारलं. तो म्हणाला, "किती तापली त्यावर आहे. अळ्या निघाल्या तर निघाल्या. दहा दिवसांत कळेल." दुसरं बीज मिळेल का विचारलं तर म्हणाला, "या हंगामाचं वाटप संपलं. आता पुढच्या वर्षी." मी विचारलं, कोणाच्या नावानं शिल्लक असेल तर बघा ना. तो म्हणाला, "मिस्त्री, हे काही बॅटरी नाही, गोडाऊनमध्ये पडून राहायला."

दहा दिवस मी कामात चुका करत होतो. एका गाडीचा हॉर्न वायपरच्या बटणाला जोडला. अकराव्या दिवशी नवीन बॅरल विकत घेतलं, हत्यारं बांधली आणि त्यांच्या गावाला गेलो.

दिवाकर मला रानात घेऊन गेला. येनाची झाडं होती, माणसाच्या उंचीला छाटून वाढवलेली, रांगेनं. सगळी हिरवीगार. पानं अशी टवटवीत की कोणालाही वाटावं, काय सुंदर रान आहे. दिवाकर म्हणाला, चांगल्या वर्षी अळ्या पानं कुरतडतात त्याचा आवाज येतो आणि महिन्याभरात झाडांच्या नुसत्या काड्या राहतात. मी कान देऊन ऐकलं. वाऱ्याशिवाय काही आवाज नव्हता. फांद्यांना त्या कापडी पिशव्या बांधलेल्या होत्या. त्यांनी बीज बांधलं होतं, सगळं, एकही पिशवी टाकून दिली नव्हती. एखाद्या झाडावर दोन-तीन अळ्या दिसत होत्या, बाकीच्या झाडांवर तेवढ्याही नाहीत.

वच्छलाबाई राखणीच्या खोपीत बसल्या होत्या. हाताशी गुलेल होती, पाखरं हाकलायला. एवढ्या मोठ्या रानात राखायला मूठभर अळ्या होत्या आणि बाई त्यांचीही राखण करत होत्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घुग्घुस, धूळ, सळी. गाडी मीच दिवाकरला घ्यायला लावली, आणि ही गोष्ट सांगायची राहिली. फोनवर चावी फिरते म्हटल्याबरोबर मला आठवलं होतं. पटांगणात मी खोटं बोललो. दिवाकर ऐकत होता. 

वच्छलाबाईंनी नीट समजून घेतलं. "म्हंजे ती चावी तुमीच मेली करून ठेवली होती?"

"हो बाई."

"मंग तुमाले फोनवरच माईत होतं, का दार चावीनं उघडत नाई म्हनून."

"हो."

त्यांनी हाताशी असलेली गुलेल बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मंग ती काच कोनासाठी वाचवली जी?"

दिवाकरची काच होती, पण दिवाकर फोडायला तयार होता. त्या तर दगड घेऊन उभ्या होत्या. उत्तर एकच होतं, ते मी आता देतो. माझ्यासाठी वाचवली बाई. माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

त्या दिवशी तिथेच दिवाकरच्या गाडीचं पॅनल उघडून नवीन बॅरल बसवलं, सळी जोडली. दिवाकरनं बॅटरीची वायर काढायला लावली आणि मग चावी लावून पाहिली. दार उघडलं. पुन्हा बंद करून पुन्हा पाहिलं. माझ्या कामाची अशी परीक्षा याआधी कोणी घेतली नव्हती आणि त्याला तो हक्क होता.

त्या हंगामात चार घरांचा मिळून जेमतेम टोपलीभर कोसा झाला. दिवाळीनंतर दोन घरची माणसं घुग्घुसकडे मजुरीला गेली, सिमेंटच्या गोण्या उचलायला. पुढच्या वर्षी वच्छलाबाईंनी पुन्हा बीज आणलं आणि ते नीट निघालं. दिवाकर सांगतो, आता मार्कंड्याला गाडी थांबली की बाई खोक्याजवळून उठत नाहीत. बाकीचे दर्शनाला जातात, त्या सीटवर बसून काच खाली करून तिथूनच हात जोडतात. एवढ्या वर्षांचा त्यांचा नेम माझ्यामुळे बदलला.

मी घुग्घुसच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. गाडी घेऊन या, सळी जोडून देतो म्हणालो. काही आले. बरेचसे हसले. "मिस्त्री, इतक्या वर्षांत एकदाबी अडलं नाई," म्हणाले. त्यांना काय सांगणार? अडत नाही तोवर अडत नाही.

अजूनही आठवड्यातून एखादा फोन येतो. चावी आत राहिली, रिमोट चालत नाही, दार उघडत नाही. आता मी गाडी कोणती हे नंतर विचारतो. पहिला प्रश्न, आत काय आहे? लोक गोंधळतात. कोणी म्हणतं सामान आहे, कोणी म्हणतं तुमाले काय करायचं. मी म्हणतो, नाव नका सांगू. जे काय असन ते उन्हात टिकते का, एवढंच सांगा.

टिकत नाही म्हणाले तर मी दुकानातून हलत नाही. दगड उचला म्हणतो.